अकरा हजार चारशे बारा पावलं

तिला सगळे टपालबाई म्हणत. नवरा तेवढा नावाने हाक मारायचा, पण पुढे त्यालाही ते नाव सापडेनासं झालं आणि तोही 'अहो बाई'वर आला.

तेवीस वर्षं तिने एकाच भागात टपाल वाटलं. पायाला भिंगरी लावल्यासारखी चालायची. कोणत्या घराची घंटा बंद आहे, कोणता कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणता न भुंकता चावतो, कोणत्या म्हातारीला पाकीट फोडून वाचून दाखवावं लागतं, हे सगळं तिला पाठ होतं. जिभेला हाड नव्हतं तिच्या. एखादा दारात वाट बघत उभा असला की म्हणायची, "मुलाचं पत्र नाही, पण विजेचं बिल आहे. कुणीतरी आठवण काढतंय, हे काय कमी आहे?" लोक हसायचे, आणि चिडलेच तर दुसऱ्या दिवशी विसरायचे.

तिच्या वाटेवर एक चार मजली इमारत होती. लिफ्ट नव्हती. जिन्याचा लोखंडी कठडा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर हलत असे. तिथल्या भाडेकरूंनी इमारतीची देखभाल करणाऱ्या कंपनीला तीनदा तक्रार लिहिली होती. तिसरी तक्रार रजिस्टरने गेली आणि ती त्या कंपनीच्या ऑफिसात नेऊन देण्याचं काम योगायोगाने टपालबाईकडेच आलं. तिथल्या कारकुनाने न बघता सही ठोकली, पाकीट चहाच्या कपाखाली सरकवलं आणि तिला म्हणाला, "आणखी काही?" चार दिवसांनी कुणीतरी येऊन कठड्याला तारेचे दोन वेढे मारून गेलं.

त्या वर्षी थंडी संपता संपता, एका बुधवारी सकाळी, ती पार्सल घेऊन जिना चढत होती. एका हातात पार्सल, खांद्यावर पिशवी. वळणावर तिने सवयीने कठडा धरला आणि कठडा भिंतीतून उखडून तिच्यासकट खाली आला. ती दुसऱ्या मजल्याच्या फरशीवर आदळली. पार्सलात कुणाचे तरी नवे बूट होते. त्यांना ओरखडाही आला नाही. टपालबाईचा मात्र खुबा मोडला, कंबरेच्या हाडाला दोन ठिकाणी तडे गेले, आणि दवाखान्यात तिच्या मांडीत एक सळई आणि पाच स्क्रू घालण्यात आले.

खात्याने औषधपाणी केलं, सहा महिने वाट बघितली आणि मग तिला 'वैद्यकीय कारणास्तव' घरी बसवलं. निरोपाला सहकाऱ्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. "आता वेळच वेळ आहे म्हणून का रे?" असं ती म्हणाली, सगळे हसले. घरी येऊन तिने ते कपाटावर उलटं ठेवलं.

कामगार संघटनेने तिला एक वकीलबाई सुचवली. पस्तिशीची, प्रामाणिक, सदा घाईत, कागद वाचता वाचता टेबलाच्या खणातून बिस्किटं काढून खाणारी. फाईल चाळून ती म्हणाली, "काकू, खटला सोपा आहे. तक्रार गेली होती, तिची पोच आहे, कठडा पडला. चूक त्यांची, हे त्यांची विमा कंपनीही नाकारू शकत नाही. भांडण फक्त एवढंच उरतं, की तुम्ही किती मोडलात."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही म्हणणार फार मोडलात, ते म्हणणार थोड्याच मोडलात. जज मधलं काहीतरी धरणार."

"मला विचारणार नाही का कुणी?"

"विचारतील ना. त्यासाठीच सांगते. आजपासून रोज वही लिहायची. किती दुखलं, काय करता आलं नाही, कुठे गेलात. रोजच्या रोज. खाडाखोड नको."

टपालबाईने दुरेघी वही आणली. तिला लिहायची सवय नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं पोचवण्यात गेलं होतं. 'सोमवार. मोजे घालता आले नाहीत.' 'शुक्रवार. पाळीव प्राण्यासारखी खुर्चीतच बसून.' असं काहीबाही ती लिहायची. दर रविवारी मुलगी यायची, वही कॉम्प्युटरवर उतरवून वकीलबाईला पाठवायची.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आईचाच चेहरा आणि आईचीच जीभ, पण आईचं हसणं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. तिचा जीव तुटायचा तो वडिलांसाठी. वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. भाजीवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत शहरातला निम्मा बाजार त्यांच्या हातच्या काट्यांवर तोलला गेला होता. दोन ग्रॅमचा फरक बोटाने ओळखणारा हा माणूस आता शर्टाची बटणं वरून लावायची की खालून, यातच अडकून पडायचा. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढून दाखवले होते. त्यात बघण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

पडण्याआधी टपालबाई त्याला सांभाळून नोकरी करत होती. पडल्यावर तिला स्वतःलाच सांभाळणं जड झालं. एकदा तो दार उघडून निघून गेला आणि संध्याकाळी बसडेपोत सापडला. त्या दिवशी मुलीने आईला समोर बसवलं.

"आई, हे शेवटचं. आणखी एकदा बाबा हरवले तर मी तुझं काही ऐकणार नाही. वृद्धांच्या देखभाल केंद्रात ठेवायचं. मी जागा बघून ठेवलीय."

"माझा नवरा काय छत्री आहे, कुठेतरी ठेवायला?"

"तुला उठता येत नाही, बसता येत नाही. उद्या ते गाडीखाली आले तर?"

 दुसऱ्याच दिवशी टपालबाईने दाराला वर एक कडी-कुलूप लावून घेतलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. डोळ्यांत तेल घालून ती त्याला राखू लागली.

आणि मग तो मंगळवार आला. दुपारी पाय ठणकायला लागला म्हणून तिने गोळी घेतली. एकाच्या ठिकाणी दोन घेतल्या. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दार सताड उघडं होतं. सकाळी दूधवाल्यासाठी काढलेली कडी तिने पुन्हा लावलीच नव्हती. नवऱ्याच्या चपला जागेवर होत्या. तो अनवाणी गेला होता.

तिने काठी घेतली, फोन पिशवीत टाकला आणि निघाली. कुठे शोधायचं, याचा तिला फार विचार करावा लागला नाही. बसडेपोत तो गेला होता तोही तिथल्या सामानाच्या काट्यासाठीच. तेव्हा जिथे काटा तिथे तो. आधी कोपऱ्यावरचा भाजीवाला. मग वाणी. मग दोन गल्ल्या सोडून भंगारवाला. तो म्हणाला, "आले होते काका. काटा उचकटायला लागले, मी हाकललं." तिथून ती टपाल कचेरीत गेली, कारण पार्सलचा काटा त्यानेच वीस वर्षं नीट ठेवला होता. खिडकीमागची जुनी मैत्रीण तिला बघून ओरडली, "अगंबाई, चालायला लागलीस की! ठणठणीत झालीस!"

"हो ना," टपालबाई म्हणाली. "जरा फिरायला निघाले." तिच्या पाठीवरून घामाचा ओघळ चालला होता.

पिशवीतून तिने दोनदा फोन काढला. मुलीचं नाव समोर आणलं. दोनदा परत ठेवला.

उरला घाऊक बाजार. तो स्टेशनपलीकडे. धडधाकट असताना ती वीस मिनिटांत गेली असती. त्या दिवशी तिला तास लागला. प्रत्येक दिव्याच्या खांबाला टेकायची, दात आवळायची, पुढच्या खांबापर्यंत जायची. मांडीतली सळई आपली नसून कुणीतरी आतून ढकलतंय असं तिला वाटत होतं.

बाजारात गोणी तोलायचा मोठा काटा जमिनीत बसवलेला असतो. त्या काट्यावर तिचा नवरा उभा होता. भोवती पाचसहा हमाल गोण्यांवर बसले होते.

"काका, आता सत्तावन्न दाखवतोय. मघाशी एकसष्ट होता," एकजण गंभीरपणे म्हणाला.

नवरा खाली उतरला, गुडघ्यांवर बसला, पत्र्याला कान लावला, बोट ओलं करून स्क्रू पुसला. "आता बघा." पुन्हा काट्यावर चढून उभा राहिला. मागून दुसऱ्याने हळूच पत्र्यावर पाय दाबला.

"आता तर सत्तर! काका, हळूहळू खाताय काय काटा?"

हशा पिकला. एकजण फोनवर चित्रण करत होता. नवऱ्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि तळपायातून रक्त येत होतं. तो पुन्हा खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर, एखादं गणित सुटत नाही म्हणून रडवेल्या झालेल्या मुलाचा भाव होता.

टपालबाई काठीवर वाकून उभी राहिली.  सगळ्या भागाला गप्प करणारी बाई, पण त्या पाचसहाजणांना ऐकवायला तिला एक वाक्य सापडलं नाही.

"किती वेळ चाललंय हे?" एवढंच तिने विचारलं.

"झाला असेल तासभर. आम्ही कुठे बोलावलं? स्वतःच आले. रमलेत बिचारे."

ती नवऱ्याजवळ गेली. तो म्हणाला, "अहो बाई, रांगेत या."

"काटा बरोबर झालाय," ती म्हणाली. "मी तपासला. आता घरी जायचं."

"नक्की तपासलात?"

"नक्की."

मग तो उठला. बाजाराबाहेर तिने टॅक्सी थांबवली. चालकाने ओल्या पँटकडे बघितलं आणि म्हणाला, "सीट कोण धुणार, आजी?" दुसऱ्याने न विचारताच गाडी पुढे काढली. तेव्हा ती दोघं चालत आली. तो तिच्या हाताला धरून, ती काठीला धरून.

घरी तिने त्याला अंघोळ घातली, पाय पुसून पट्टी बांधली. मग तिला न्हाणीघराच्या जमिनीवरून उठता येईना. बादलीला धरून, दाराला धरून ती उठली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मुलीचा रोजचा फोन आला. "आज कसं काय?"

"काय असणार? घरीच."

फोन ठेवल्यावर तिने वही उघडली. वही मुलगीच उतरवणार होती. म्हणून तिने लिहिलं, 'मंगळवार. दिवसभर घरी. दुखणं नेहमीएवढंच.' पुढचे पाच दिवस ती नवऱ्याच्या जेवणखाणापुरतीच अंथरुणातून उठली. मुलीला सर्दी सांगितली, त्या रविवारी येऊ नकोस म्हणाली.

दोन महिन्यांनी विमा कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. खोली थंड आणि स्वच्छ होती. डॉक्टर फार गोड बोलत होता. पाय वर करा, वळा, बसा, उठा. जेमतेम दहा मिनिटं. शेवटी तो लिहीत असताना त्याच्या हातातून पेन पडलं आणि घरंगळत तिच्या पायाशी आलं. तिने एका हाताने टेबल धरलं, वाकून पेन उचललं आणि त्याला दिलं. तेवीस वर्षं लोकांच्या हातात वस्तू देण्यात गेली होती, हात आपोआप गेला. डॉक्टर हसला. "आभारी आहे."

अहवालात आलं, 'तपासणीदरम्यान सांगितले असता वाकता येत नाही असे म्हणाल्या. न सांगता सहज वाकल्या.'

वकीलबाईने तो कागद टेबलावर आपटला. "पेन पडलं होतं का काकू?"

"पडलं होतं."

"पडलं नव्हतं. पाडलं होतं."

त्याच आठवड्यात विमा कंपनीने कोर्टाकडे नवा अर्ज केला. टपालबाईच्या फोनमध्ये रोजच्या पावलांची नोंद असणार, ती पडल्या दिवसापासूनची सगळी मिळावी. जजने तो मंजूर केला.

"फोन पावलं मोजतो?" टपालबाईला हे खरंच माहीत नव्हतं. "त्याला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगावं लागत नाही. विकत घेतल्यापासून मोजतच असतो. पूर्वी हे लोक गाडीत बसून चोरून फोटो काढायचे. त्यात माणूस लागायचा, दिवस जायचे. आता गुप्तहेर तुम्हीच पिशवीत घेऊन फिरता, रोज चार्ज करून." वकीलबाईने नोंदींचा कागद पुढे केला. "रोज आठशे, नऊशे, सहाशे. उत्तम आहे, आपल्या म्हणण्याला धरून आहे. फक्त हा एक मंगळवार. अकरा हजार चारशे बारा. आणि वहीत लिहिलंय, दिवसभर घरी. फोन कुणी नेला होता का?"

टपालबाईने कागदाची घडी करून तो परत सरकवला.

"काकू, खोटं सांगायला मी सांगणार नाही. पण काय झालं ते मला आधी कळू दे."

"आठवत नाही," टपालबाई म्हणाली.

सुनावणी पडद्यावरच होणार होती. तशीच पद्धत पडली होती आता. कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही म्हणून टपालबाईला हायसं वाटलं होतं. जेवणाच्या टेबलावर मुलीने लॅपटॉप मांडला, मागे चादर टांगली. वडिलांना शेजारीण आपल्या घरी घेऊन गेली. ठरल्या वेळी पडद्यावर चार चौकोन उघडले. एकात जज, एकात वकीलबाई, एकात विमा कंपनीचे वकील, आणि एकात स्वतः टपालबाई, स्वतःकडेच बघत असलेली.

"खोलीत आणखी कोण आहे?" जजने विचारलं.

"मुलगी. हे यंत्र चालवायला."

"बसू द्या. पण एक शब्दही बोलायचा नाही. खूण नाही, स्पर्श नाही. समजलं?"

मुलीने मान हलवली आणि आईच्या शेजारी हात मांडीवर घेऊन बसली.

विमा कंपनीच्या वकिलांचा आवाज मऊ होता. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसे ते बोलत होते. कठड्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. पेनाबद्दल विचारलं. वहीबद्दल विचारलं. "ही वही आपण प्रामाणिकपणे लिहिलीत?"

"हो."

"रोजच्या रोज?"

"हो."

"मग या मंगळवारी आपण दिवसभर घरी होतात."

वकिलांनी नोंदींचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

"आपला फोन मात्र अकरा हजार चारशे बारा पावलं चालला. एकटाच गेला होता का?"

जजच्या चौकोनात किंचित हसू हललं. वकीलबाईने हरकत घेतली, जजने ती फेटाळली. वकील थांबले. त्यांना घाई नव्हती. टपालबाईला कळत होतं की दोनच वाटा आहेत. आठवत नाही म्हटलं तर सगळी वही खोटी ठरते. खरं सांगितलं तर ते शेजारी बसलेल्या मुलीच्या कानात जातं. तिने मुलीकडे बघितलं नाही. पडद्यावर बघितलं, तर तिथेही चौकोनाच्या कडेला मुलीचा खांदा दिसत होता.

"माझा नवरा हरवला होता," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. गोळ्या, कडी, भाजीवाला, भंगारवाला, बाजार. हमालांचं सांगताना तिचा आवाज गेला, तेव्हा जजने पाणी प्यायला सांगितलं. पाण्याचा पेला मुलीच्या पुढ्यात होता. स्पर्श करायचा नव्हता, म्हणून मुलीने तो टेबलावरून बोटाने सरकवला. 

"आपण मुलीला फोन का केला नाहीत?"

"ती त्यांना केंद्रात ठेवेल म्हणून."

"टॅक्सी?"

"कोणी घेतलं नाही. त्यांची पँट ओली होती."

"म्हणजे वहीत आपण मुद्दाम खोटं लिहिलंत."

"हो."

"आणि गरज पडली तेव्हा आपण चाललात. अकरा हजारांहून जास्त पावलं."

"हो."

"धन्यवाद," वकील म्हणाले, आणि खरोखर आभार मानल्यासारखी मान झुकवली.

पडदा बंद झाल्यावर मुलीने मागची चादर ओढून काढली. मग म्हणाली, "आई, माझ्याशी रोज फोनवर बोलत होतीस तू."

"हो."

"बाबांच्या पायात काच होती? सर्दी झालीय म्हणालीस, तेव्हा?"

"काच नव्हती. खडे होते."

"त्या माणसाने विचारलं म्हणून मला कळलं. त्या माणसाने!" मुलगी ओरडली आणि मग रडू लागली. टपालबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. तीन आठवड्यांत मुलीने वडिलांना केंद्रात नेलं. टपालबाईने विरोध केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होती?

निकाल आला. कठड्याबद्दल कंपनी पूर्ण दोषी धरली होती. वकीलबाईने तेवढा भाग मोठ्याने वाचला. पुढचा भाग वाचताना तिचा आवाज उतरला. 'फिर्यादी बाई पुरेसे कारण असल्यास मोठे अंतर चालू शकतात, हे त्यांच्याच साक्षीवरून दिसते. त्यांची वही विश्वासार्ह नाही.' मागितल्याचा तिसरा हिस्सा मंजूर झाला होता.

"पुरेसे कारण," टपालबाई म्हणाली. "म्हणजे रोज नवरा हरवला तर मी बरी होईन."

वकीलबाईने बिस्किटाचा पुडा पुढे केला. 

तेवढ्यावरही विमा कंपनी वरच्या कोर्टात जायला निघाली. तिथे आधी समझोत्याची बैठक सक्तीची होती. दिवसभर एका बंद खोलीत बसून टपालबाईने आणखी कमी पत्करलं आणि एका अटीवर सही केली. इमारत, कठडा आणि झालेला प्रकार याबद्दल कुणाशीही, कधीही, काही बोलायचं नाही.

महिन्याभरात त्या इमारतीतली एक भाडेकरीण घरी आली. तीन तक्रारी लिहिणारी तीच. आता गच्चीचा कठडा हलत होता आणि गच्चीवर पोरं खेळत होती. कंपनी दाद देत नव्हती. "तुम्ही जिंकलात ना? ते कागद मला दाखवा. वर्तमानपत्राला देते मी."

टपालबाईने तिला पाणी दिलं.

"बोला की! तुमच्यासाठी मी लेखी साक्ष दिली होती."

"मला बोलता येत नाही."

बाईने खोलीतल्या नव्या पलंगाकडे बघितलं. "कळलं," ती म्हणाली आणि पाणी न पिता गेली. नंतर त्या गल्लीत कुणी टपालबाईला हाक मारेनासं झालं. तोंड उघडून खरं सांगता आलं असतं, तर निम्मी गल्ली तिच्या दाराशी आली असती. पण तोंड उघडलं तर मिळालेलं सगळं परत द्यायचं होतं, आणि त्याच्यावरच केंद्रातला नवऱ्याचा पलंग चालला होता.

दर गुरुवारी दोन बस बदलून ती केंद्रात जायची. नवरा जाड होत चालला होता आणि गप्प. हिवाळ्यात एका सकाळी केंद्रातून फोन आला, आदल्या दिवशी ते न्हाणीघरात पडले, खांद्याचं हाड मोडलंय, काळजीचं कारण नाही.

"काल कधी?" तिने विचारलं.

"सकाळच्या पाळीला सापडले."

"सापडले म्हणजे पडले कधी?"

ते रात्रपाळीतही कुणी बघितलं नव्हतं. ती तशीच केंद्रात गेली. मॅनेजरने तिला खुर्ची दिली आणि भरती करतानाचे कागद काढले. चौदाव्या पानावर मुलीची सही होती. 'पडण्याचा धोका कुटुंबास मान्य आहे. कोणताही वाद कोर्टात न नेता केंद्राने नेमलेल्या लवादापुढे मिटवला जाईल.' टपालबाईने चष्मा लावून ते एकदाच वाचलं. असे कागद कसे वाचायचे, हे तिला आता चांगलं येत होतं.

मुलीने पानाचा फोटो वकीलबाईला पाठवला. संध्याकाळी वकीलबाईचा फोन आला. "काकू, अशी कलमं हल्ली सगळीकडेच घालतात. तरी झगडता येईल. पण ते तुमच्या यजमानांना विचारणार, कसे पडलात, कधी पडलात. आणि तुमचा जुना निकाल काढणार. वहीचा."

"नको," टपालबाई म्हणाली.

"मी चुकले आई," रात्री फोनवर मुलगी म्हणत होती. "मी वाचलंच नाही. सगळे सही करत होते." टपालबाईला तिच्यावर रागवायलाही जोर उरला नव्हता.

तिने केंद्रातल्या बाईकडून परवानगी काढली आणि दिवसभर नवऱ्याच्या पलंगाशी बसली. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. तो विसरायचा, हात हलवायचा, आणि कळ आली की दचकून ओरडायचा. मग हाताकडे बघायचा, जणू तो आत्ताच कुणी त्याला लावलाय.

"अहो बाई, हे कुणी केलं?"

"तुम्ही पडलात."

"मी? कधी?" त्याचा चेहरा भीतीने वेडावाकडा व्हायचा. दहा मिनिटांनी पुन्हा हात हलायचा, पुन्हा कळ, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच पहिल्यांदाच ऐकल्याची भीती. पाचव्यासहाव्या वेळेनंतर तिने खरं सांगणं सोडून दिलं.

"काही नाही हो," ती म्हणू लागली. "झोपेत अवघडलाय."

"असं होय," तो म्हणायचा, आणि दहा मिनिटं शांत पडून राहायचा.